जर्नल भरून राह्यलं

आमच्या अमरावतीत ‘बॅकअप’ या शब्दाचा अर्थ इन्व्हर्टर असा आहे. ‘तुमच्याकडे बॅकअप किती तासांचा?’ असं कोणी विचारलं, तर तो बॅटरीबद्दल विचारतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे ‘मी बॅकअपचं काम करतो’ असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आपल्या घरच्या बॅटरीचं दुखणं काढून बसायचा. मुलीच्या लग्नात माझ्या व्याह्यांनी मला मांडवातून उठवून जिन्याखाली नेलं आणि बॅटरीत पाणी किती टाकायचं ते विचारलं. मी तेही सांगितलं. मुलीकडची बाजू होती, नाही कसं म्हणणार?

खरं काम वेगळं होतं. एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग मी सतरा वर्षं सांभाळला. अमरावतीला मुख्य कार्यालय, अकोल्याला दुसरं, तालुक्यांच्या गावी महाविद्यालयं आणि वरूडकडे संत्र्याची एक प्रायोगिक बाग, एवढा पसारा. निवृत्तीनंतर या अंकाच्या संपादकांचा फोन आला, ‘नोकरीतले गमतीदार किस्से लिहून द्या.’ मी हो म्हणालो आणि तीन किस्से लिहून काढले. तिसरा बायकोने वाचला आणि तिथे गाडी अडली. ते ओघाने येईलच.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. एका दणकट संगणकाच्या पोटात दहा-पंधरा संगणक राहतात. त्यांना स्वतःची पेटी नसते, पडदा नसतो, पण प्रत्येकाचा कारभार वेगळा असतो. घरमालक एक आणि भाडेकरू पंधरा, असं समजा. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आम्ही बोलताना नुसतं ‘मशीन’ म्हणायचो. परीक्षा विभागाचं एक मशीन, ग्रंथालयाचं एक, वरूडच्या बागेचं एक. घरमालक आडवा झाला तर पंधराही बिऱ्हाडं रस्त्यावर येतात, म्हणून त्यांची जुळी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची.

साधा बॅकअप म्हणजे दिवसातून एकदा काढलेला फोटो. सकाळी फोटो काढला आणि दुपारी मशीन गेलं, तर मधलं काम गेलं. आमच्याकडे सतत चालणारा बॅकअप होता. अमरावतीत कोणी काही लिहून सेव्ह केलं की पाच-दहा सेकंदांत ते अकोल्याच्या यंत्रावर उमटायचं, आणि कोणत्या सेकंदाला काय बदललं त्याची नोंद एका वहीत व्हायची. या वहीला जर्नल म्हणतात. तिच्या आधारे मशीनला मागे नेता येतं. ‘मंगळवारी अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटांवर ने’ म्हटलं की ते तिथे जाऊन उभं राहतं.

पण या वहीला जागा नेमून दिलेली असते. आमची सात दिवसांची होती. आठवा दिवस उजाडला की पहिल्या दिवसाचं पान फाडायचं आणि नव्याला जागा करायची. म्हणजे नीट चाललेलं जर्नल कायम भरलेलंच असतं. रोज एक पान येतं, एक जातं. मात्र कोणी मशीनवर अचानक ढीगभर काही ओतायला लागलं, तर पानं भराभर भरतात आणि जुनी भराभर फाटतात. बघता बघता सात दिवसांची वही एका दिवसाची होते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे गंमत. बाळापूरच्या आमच्या महाविद्यालयातल्या एका बाबूंचा एकदा दुपारी फोन आला. “सर, मी मेलो. आसनक्रमांकाची पुरी यादी उडाली.”

“किती वाजता उडवली?”

“मी काहून उडवीन? ते आपोआप उडाली.”

“बरं, आपोआप किती वाजता उडाली?”

“अकरा चाळीसले,” बाबू चटकन म्हणाले.

मी मशीन अकरा एकोणचाळीसवर नेलं. यादी जिथल्या तिथे. त्या दिवशी मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की घरी येऊन दोनदा तीच गोष्ट सांगितली.

दुसरे होते आमचे एक मुख्य लिपिक. त्यांनी रागाच्या भरात थेट संस्थेच्या अध्यक्षांना एक खरमरीत ईमेल पाठवला आणि तासाभराने त्यांना दरदरून घाम फुटला. माझ्या टेबलासमोर बसून हात जोडून म्हणाले, “सर, फक्त पत्र गेलं त्याच्या पाच मिनिटं आधी नेऊन ठेवा.” मी सांगितलं, मशीन मागे जाईल, अध्यक्षांनी वाचलेलं मागे जाणार नाही. ते जाम वैतागले. “मंग तुमच्या सात दिवसाचा फायदा काय?” म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

आता रंजना तायडे. अकोल्याच्या केंद्रावर ती एकटी तंत्रज्ञ होती. मूळची बाळापूरची, वय पस्तिशीच्या आत-बाहेर. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची, दरवर्षी नव्याने. अमरावतीची मशीनं माझ्याकडे, आणि त्यांच्या जुळ्या प्रती व जर्नल तिच्या नजरेखाली. आमची भेट वर्षातून दोन-तीनदा व्हायची, फोन मात्र रोज.

ती काय चीज आहे ते मला एका मे महिन्यात कळलं. अकोल्याचा उन्हाळा मी वर्णन करायला नको. भर दुपारी यंत्रांच्या खोलीतला एसी बंद पडला. त्याच आवारातल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या केबिनमधला कूलर काढून शिपायाबरोबर पाठवला. रंजना दारात आडवी उभी राहिली. “हा पानी फेकते. मशीनले गरमी एक वेळ चालन, वल नाई चालनार,” म्हणाली आणि प्राचार्यांचा कूलर परत पाठवला. मग तिने मला फोन केला, “सर, ज्यायचं आज काम नाई असे नऊ मशीन बंद केले. चार चालू ठेवले. दोन साधे पंखे लावले. बराबर हाय ना?” मी यादी पाहिली. मी केली असती तर तीच केली असती, फक्त अर्धा तास जास्त घेतला असता. मी तिला कायम करण्याची शिफारस लिहिली ती त्यानंतर. फाइल वर्षभर फिरत फिरत वर चढली आणि पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या सहीपर्यंत आली. तेव्हाच ते घडलं.

त्याआधी माझ्या जिभेबद्दल थोडं सांगायला हवं. मी दर्यापूरकडचा. बावीस वर्षांचा होईपर्यंत मी ‘जेवून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ असंच बोलत होतो. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवतो आहे, जेवण चालू आहे. नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणालो, “मी जेवून राहिलो.” पलीकडचा सहकारी म्हणाला, “जेवून कुठे राहिलास? मुक्कामाला का?” सगळं ऑफिस हसलं. पुढे कित्येक महिने मी दिसलो की कोणीतरी विचारायचंच, “काय, आज कुठे राहिलास?” पुण्यात मी अकरा वर्षं काढली आणि ते ‘राहिलो’ जिभेवरून घासून घासून काढलं. परत आलो तेव्हा माझं मराठी इतकं शुद्ध झालं होतं की संस्थेत मी पुण्याचाच आहे असं लोक समजायचे. मी कधी कोणाची समजूत दुरुस्त केली नाही. मात्र घरी, आणि फोनवर रंजनाशी बोलताना, ते आपसूक परत यायचं.

त्या उन्हाळ्यात मूल्यांकन समिती येणार म्हणून संस्थेत धावपळ चालली होती. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या विभागाच्या ग्रुपवर रंजनाचा निरोप आला: ‘सर, वरूडवाल्या मशीनचं जर्नल भरून राह्यलं. पाहून घ्या.’ मी त्याखाली अंगठा टाकला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

“सर, मेसेज पाह्यला का? सात दिवस असते तिथं आज साडेचारच दाखवते. कोनीतरी त्या मशीनवर व्हिडिओ टाकून राह्यलं वाटते.”

“हो, पाहून राहिलो ना,” मी म्हणालो.

“जागा मी इथून वाढवून देतो सर, पन मंजुरी तुमच्या लॉगिनची लागते.”

“करतो आजच. समोर माणसं बसली आहेत, ठेवा.”

आमच्याकडच्या बाया बोलताना ‘देतो’, ‘जातो’ म्हणतात, तेही पुण्याच्या कानाला खटकतं. मला खटकलं नाही. मला तिचं अक्षर न् अक्षर कळलं होतं. प्राध्यापकांनी आपल्या तासांची चित्रीकरणं वरूडच्या मशीनवर टाकायला सुरुवात केली होती, कारण तिथे जागा रिकामी दिसत होती. मंजुरी द्यायला मला दोन मिनिटं लागली असती. मी फोन ठेवला, समोरच्या माणसांना पाणी मागवलं आणि विसरून गेलो.

वरूडचं मशीन म्हणजे इंगोले सर. फळबागशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्तीला वर्ष उरलेलं. बागेतल्या तीनशे झाडांना त्यांनी नंबर दिले होते आणि दर पंधरा दिवसांनी ते प्रत्येक झाडापाशी जाऊन नोंद घ्यायचे. हिवाळ्यातल्या आंबिया बहाराची फुलं किती, पावसाळ्यातल्या मृगाची किती, फळांची गळ किती, डिंक्या रोग कोणत्या फांदीला. नऊ वर्षं हे चाललं होतं. पहिली पाच वर्षं लांबलचक रजिस्टरांत लिहिलं. मग मी त्यांना म्हणालो, “सर, आता कागद बंद करा. रजिस्टरला वाळवी लागते, आमच्याकडे लागत नाही.” त्यांनी माझं ऐकलं. त्या वर्षापासून ते झाडाखाली उभं राहून थेट टॅबवर नोंद करायला लागले.

रंजनाच्या निरोपाला दहा दिवस झाले होते. एका गुरुवारी दुपारी त्या नोंदींच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली गेली. तिच्यात काहीतरी गफलत होती. टॅबवरून आलेल्या सगळ्या नोंदींच्या जागी तिने शून्य लिहिलं. अकोल्याच्या प्रतीने ती शून्यंही पाच-दहा सेकंदांत इमानदारीने उतरवून घेतली. सोमवारी सकाळी इंगोले सरांचा फोन आला.

“वडतकर, माझ्या पडद्यावर सगळीकडे शून्यच दिसून राह्यले. चष्मा बदलवू का?”

मी हसलो. म्हणालो, “काळजी करू नका सर, गुरुवारी सकाळवर नेऊन ठेवतो.” गुरुवार ते सोमवार म्हणजे चार दिवस, आणि आमची वही सात दिवसांची. मी जर्नल उघडलं. त्यात एकोणीस तास शिल्लक होते. रविवार दुपारच्या मागे जाता येत नव्हतं.

महिन्याची साधी प्रत नव्हती का, असं जाणकार वाचक विचारतील. असायची. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मीच म्हणालो होतो की सतत चालू असताना महिन्याची प्रत कशाला, आणि ती बंद केली होती. हे चौकशीत कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

इंगोले सर दुसऱ्या दिवशी वरूडहून अमरावतीला आले. माझ्यासमोर बसले. मी जे होतं ते सांगितलं, म्हणजे नोंदींबद्दल. त्यांनी आवाज चढवला नाही. “मागच्या साली मृगाची गळ किती होती, तेवढं तरी कुठं असन का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. उठताना ते म्हणाले, “ऑफिसातून एक कोरं रजिस्टर देता का?” मी कपाटातून काढून दिलं. रजिस्टर काखोटीला मारून ते गेले. चार वर्षं गेली होती आणि त्यांच्या हाताशी एक वर्ष होतं. त्यांचा अहवाल संस्थेच्या दप्तरात अजून अर्धाच आहे.

चौकशी समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष बाहेरचे, पुण्याचे, बोलायला सभ्य गृहस्थ. मुख्य कार्यालयातल्या लांब टेबलाच्या एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून रंजना. सकाळच्या गाडीने अकोल्याहून आलेली. तिची कायम करण्याची फाइल वरच्या मजल्यावर सहीसाठी पडलेली होती, आणि या चौकशीत काय निघतं त्यासाठी थांबवलेली होती. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

अध्यक्षांच्या हातात ग्रुपवरच्या निरोपांचा छापील कागद होता. चष्मा वर करून त्यांनी वाचलं, “‘जर्नल भरून राह्यलं’. म्हणजे नेमकं काय हो? भरलं होतं, की भरत होतं?” समितीतले एक-दोघे हसले.

मला तिथे काय सांगायचं होतं ते अगदी सोपं होतं. भरत होतं, सर. आमच्याकडे असंच म्हणतात. मला कळलं होतं. मी केलं नाही. चार छोटी वाक्यं. पण मला त्या क्षणी पुण्याचं ते ऑफिस आठवलं, आणि सांगायला लाज वाटते, मला एक पळवाट दिसली. इतकी सुबक की मी तिच्यात शिरलोच.

“तोच घोटाळा झाला सर,” मी माझ्या शुद्ध मराठीत म्हणालो. “जर्नल नेहमी भरलेलंच असतं. ‘भरून राहिलं आहे’ म्हणजे भरलेलं आहे, नेहमीसारखं आहे, असा मी अर्थ घेतला. म्हणून अंगठा दिला. मजकूर संदिग्ध होता.”

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं, कारण त्यांच्या भाषेत ते खरंच होतं. रंजनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं माणूस पाहतो तसं.

अध्यक्षांनी तिला विचारलं, “तुम्ही नंतर फोन वगैरे करून खुलासा केला होता का?”

ती म्हणाली, “सरायले माहीत हाय. सर सांगतीन.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. समोर पाण्याचा ग्लास होता. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, “फोन दिवसभर चालूच असतात, सर. नेमकं स्मरणात नाही.”

तिनेही फोनचं नाव काढलं नाही. फोनची यादी काढून पाहायचं समितीला सुचलं नाही, आणि सुचू नये असं मला मनापासून वाटत होतं.

अहवाल आला. ‘तांत्रिक निरोप प्रमाण भाषेत व निःसंदिग्ध असावेत’ अशी सूचना होती. रंजनाची फाइल सही न होताच खाली आली, करार संपला तो पुन्हा झाला नाही. तिच्या अनुभवाच्या दाखल्यात एक ओळ टाकली गेली: ‘कार्यालयीन संवादात अस्पष्टता आढळली.’ दाखल्यावर विभागप्रमुख म्हणून सही माझी होती. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण संस्थेने मला सगळ्या केंद्रांसाठी ‘कार्यालयीन निरोप कसे लिहावेत’ असं एक शिबिर घ्यायला सांगितलं आणि मी ते घेतलं. उदाहरण म्हणून फळ्यावर तेच वाक्य लिहिलं. नाव लिहिलं नाही, पण नाव सगळ्यांना माहीत होतं. लोक हसले. निम्मे लोक घरी जाऊन तेच बोलणारे होते, तरी हसले, आणि मीही हसलो.

पुढे मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात माझ्या नेमक्या भाषेचं कौतुक झालं. मग संपादकांचा फोन आला, आणि मी तिसरा गमतीदार किस्सा म्हणून काय लिहिलं असेल? ‘भरून राह्यलं’ म्हणजे भरलं की भरत होतं, आणि एका शब्दापायी चार वर्षांची संत्री कशी गेली. चांगला रंगवला होता. फोनची गोष्ट त्यातही नव्हती.

बायकोने कागद वाचला. तिने विचारलं, “ह्याच्यात हासाचं काय हाय?”

“अगं, शब्दाचा घोटाळा.”

“तुमाले समजलं नवतं?” तिने चष्मा काढला. “तुमाले?”

सतरा वर्षांत कोणी मला इतका छोटा प्रश्न विचारला नव्हता. तिने कागद टेबलावर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी तो फाडला, आणि त्याच आठवड्यात अकोल्याची गाडी पकडून पुढे बाळापूरला गेलो.

बस स्टँडजवळ रंजनाचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले. भिंतीशी तीन संगणक, त्यांवर दोन मुली टायपिंग शिकत बसल्या होत्या. मला पाहून ती उठली, स्टूल दिलं, पाणी दिलं. हातातलं गिऱ्हाईक तिने घाई न करता पूर्ण केलं. मग म्हणाली, “बोला सर.”

घरून मी पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. “मी माफी मागून राहिलो, रंजना.”

तिने विचारलं, “मागून राह्यले, का मागितली?”

मला कळलं नाही.

“नाई, इचारून राह्यली. भरून राह्यलं म्हंजे भरलेलं हाय, असं तुमीच सांगतलं होतं कमिटीले. मंग मागून राह्यलो म्हंजे मागून झाली का?”

टायपिंगचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, “मागतो. मला तेव्हा कळलं होतं. तुझा फोन आलेला मला आठवत होता.”

“ते मले माहीत हाय सर,” ती म्हणाली. “चूक माहीबी झाली. मीच सांगाले पाह्यजे होतं फोनचं. पन मले वाटलं, एवढ्या लोकायसमोर साहेबाले खोटं काहून पाडाचं, ते सोताच सांगतीन.”

मग तिने खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तो दाखला होता. अकोल्यात तीन ठिकाणी मुलाखतीला गेली होती, तिन्ही ठिकाणी काम येतं का ते तपासून झाल्यावर ही ओळ वाचून ‘कळवतो’ म्हणाले होते. सांगताना तिचा आवाज कूलर परत पाठवताना होता तसाच सरळ होता. मला मात्र तिच्याकडे पाहवेना. मी दाखल्याखालची माझी सही पाहत बसलो. सही छान ठसठशीत आली होती.

“मी संस्थेला पत्र देतो,” मी म्हणालो. “सगळं खरं लिहून. ही ओळ काढून नवा दाखला द्यायला सांगतो.”

“आता तुमचं काय जाते सर? तुमी तं रिटायर झाले.”

“काही नाही,” मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“तवा गेलं असतं.”

“हो.”

तिने चहा मागवला. आम्ही दोघांनी तो घेतला. हे छापू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “छापा. पन माहं बोलनं सुधरवू नका.” मी निघालो तेव्हा तिने विचारलं, “पत्र कधी देता मंग?”

“देऊन राहिलो ना,” मी म्हणालो.

दुकानातल्या दोन्ही मुली फिसकन हसल्या. रंजना हसली नाही. मी बसमध्ये बसेपर्यंत माझे कान तापलेले होते.

पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. दोन पानांचं होतं. एकदा लिहिलं तेव्हा पहिलं पान माझ्या कामाच्या ताणाबद्दल होतं, ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्यात मूल्यांकन समितीच्या धावपळीची सबब आली, तेही फाडलं. शेवटी एकच पान उरलं: निरोप मला कळला होता, फोन आला होता, महिन्याची प्रत मी बंद केली होती, समितीसमोर मी खोटं बोललो. ते घेऊन संस्थेच्या आवक टेबलावर गेलो. तिथले बाबू ओळखीचे. म्हणाले, “ठेवा सर, करून राह्यलो.”

“करून राहू नका,” मी म्हणालो. “शिक्का मारा. मी उभा आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, पण शिक्का मारला, सही केली, पोच दिली. संस्था आता काय करते ते संस्थेच्या हातात आहे. मी बाहेर आलो, ऑटो स्टँडजवळ उभा राहून पोचपावतीचा फोटो काढला आणि रंजनाला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला, ‘दिलं.’

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. नुसता एक अंगठा. पाहिलं, असा तो असेल. बरं झालं, असाही असेल. किंवा आमच्याकडे एखाद्याला अंगठा दाखवतात, तसाही असेल. मी विचारलं नाही.